हझ्झानूत

ज्यू धर्मीयांच्या सार्वजनिक उपासनेत प्रार्थनानायकाने करावयाच्या गायनाची परंपरा. या गायनाचे स्वरसंकेत, त्यासाठी रचले गेलेले संगीत आणि ते सादर करण्याची कला या सर्वांना मिळून ही हिब्रू संज्ञा लावतात. प्रार्थनानायकास ‘हझ्झान’ म्हणतात. त्याचे दुसरे जुने नाव ‘शलियाह त्सिब्बूर’ म्हणजे समुदायाचा दूत असे आहे. हझ्झान हा पुरोहित नव्हे. परंपरेनुसार दहा प्रौढ पुरुष जमले, की कोणीही जाणता माणूस प्रार्थना चालवू शकतो. मात्र हिब्रू न येणाऱ्या उपासकांच्या वतीने प्रार्थना म्हणण्याची जबाबदारी त्याच्यावर असल्याने त्याचे चारित्र्य, धर्मज्ञान आणि मधुर आवाज यांविषयी धर्मशास्त्रकारांनी अपेक्षा सांगून ठेवल्या आहेत. सिनॅगॉग या प्रार्थनामंदिरास कोकणातील व मुंबईतील बेने इझ्राएल समाज ‘मशीद’ असे म्हणत आला आहे.

या गायनाचा इतिहास लिहिणे अवघड आहे. साब्बाथ या विश्रांतिदिनी लेखन व वाद्यवादन दोन्ही निषिद्ध असल्याने उपासनेतील संगीत उपासना चालू असताना कधीच लिहून घेतले गेले नाही. ते पित्याकडून पुत्राकडे व गुरूकडून शिष्याकडे तोंडीच गेले. शब्दांची हस्तलिखिते हजार वर्षांपूर्वीपासून मिळतात. स्वरांची विश्वसनीय नोंद मात्र, तुरळक अपवाद सोडल्यास, सोळाव्या शतकापूर्वी मिळत नाही आणि विपुल अशी अठराव्या शतकापासूनच मिळते. त्यामुळे एखादी चाल जेरूसलेमच्या मंदिरातील आहे, की मध्ययुगीन ऱ्हाइन खोऱ्यातील आहे, की शंभर वर्षांपूर्वी कोणा गुणी गायकाने बांधलेली आहे, हे ठरविण्याचे साधन बहुधा उपलब्ध नसते. समाजाची श्रद्धा एक सांगते आणि कागद दुसरे सांगतात. गेल्या दीडशे वर्षांतील या विषयाचे संशोधन मुख्यतः या दोहोंतील अंतर मोजण्यात खर्ची पडले आहे.

जेरूसलेमच्या मंदिरात लेवी कुळातील गायक वाद्यांच्या साथीने स्तोत्रे गात असत, असे जुन्या करारावरून व मिश्नावरून समजते. इ. स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर उद्ध्वस्त केल्यावर बलिविधी व त्याबरोबरचे संगीत संपुष्टात आले. मंदिराच्या शोकाचे चिन्ह म्हणून रब्बींनी वाद्यसंगीतावर निर्बंध घातले आणि सिनॅगॉगमधील उपासना केवळ कंठसंगीतावर उभी राहिली. तालमूदच्या काळातील हझ्झान हा गायक नसून सिनॅगॉगचा व्यवस्थापक होता. ग्रंथपट काढून देणे, मुलांना शिकविणे यांसारखी कामे त्याच्याकडे असत. सहाव्या-सातव्या शतकांच्या सुमारास पॅलेस्टाइनमध्ये यन्नाय, एलाझार कल्लीर यांसारख्या कवींनी ‘पियूत’ या नावाची धर्मकाव्ये रचली. ही काव्ये अवघड, श्लेषयुक्त व पाठ करण्यास कठीण असल्याने ती म्हणण्यासाठी तयारीचा माणूस लागू लागला आणि ‘हझ्झान’ या शब्दास प्रार्थनागायक हा अर्थ हळूहळू चिकटला. बाराव्या शतकात इस्लाम धर्म स्वीकारलेला ज्यू विद्वान समौअल अल्-मग्रिबी याने याचे वेगळे कारण दिले आहे. इराणी राज्यकर्त्यांनी नियत प्रार्थनेस बंदी केली, तेव्हा ज्यूंनी तिच्या जागी गेय रचना केल्या आणि त्यांना ‘हिझाना’ म्हटले, असे तो म्हणतो. ही हकिकत घटनेनंतर काही शतकांनी, शिवाय वादाच्या हेतूने लिहिलेली आहे. ती जपूनच वापरावी लागते. पण प्रार्थना बोलली जाते, तर हिझाना सुरात गायिली जाते, हा त्याच्या काळातील ज्यूंचा समज तीवरून कळतो आणि संगीताच्या इतिहासकाराला तेवढेही मोलाचे आहे.

तोरा व संदेष्ट्यांचे ग्रंथ यांचे पाठगायन हा वेगळा, अधिक काटेकोर असा प्रकार आहे. नवव्या-दहाव्या शतकांत तिबीरिया येथील मासोरा पंडितांनी बायबलच्या अक्षरांवर व अक्षरांखाली ‘तआमीम’ नावाच्या चिन्हांची पद्धती पक्की केली. ही चिन्हे तीन कामे करतात : शब्दातील आघाताची जागा दाखविणे, वाक्याचे अन्वयानुसार खंड पाडणे आणि त्या जागी कोणती स्वरावली म्हणावी हे सुचविणे. स्तोत्रे, नीतिसूत्रे व ईयोब या तीन ग्रंथांसाठी चिन्हांची वेगळी योजना आहे. ऋग्वेदाच्या उदात्त-अनुदात्त-स्वरित चिन्हांची येथे सहज आठवण होते. परंतु तआमीमचा भर वाक्याच्या रचनेवर अधिक आहे. कोणतेही चिन्ह स्वराची उंची सांगत नाही. परिणामी येमेन, बगदाद, मोरोक्को, लिथुएनिया येथील ज्यू समाज तीच चिन्हे पाहून निरनिराळे गातात. या चिन्हांत मंदिरकालीन संगीत जसेच्या तसे दडलेले आहे व ते वाचता येते, असा सिद्धांत फ्रेंच संगीतकार सुझान हाईक-व्हाँतुरा यांनी १९७६ मध्ये मांडला. त्यातून ऐकण्यास आल्हाददायक संगीत निर्माण झाले. पण चिन्हांच्या व्याकरणाकडे दुर्लक्ष करणारा हा सिद्धांत अभ्यासकांनी मान्य केलेला नाही.

स्वरलिपीत उतरलेले सर्वांत जुने ज्यू संगीत म्हणून कैरोच्या गेनीझात सापडलेल्या काही पानांचा उल्लेख करतात. गेनीझा म्हणजे जीर्ण धर्मलेख ठेवण्याची सिनॅगॉगमधील कोठी. या पानांवर हिब्रू शब्दांवर दक्षिण इटलीतील चर्चमध्ये रूढ असलेली न्यूम चिन्हे लिहिली आहेत. लेखक कोण, हे कोडे बरीच वर्षे सुटले नव्हते. १९६५ च्या सुमारास नॉर्मन गोल्ब व अलेक्झांडर शायबर यांनी हस्ताक्षरावरून त्याची ओळख पटविली : ओबाद्या, म्हणजेच इटलीतील ओप्पीदो येथील नॉर्मन घराण्यात जन्मलेला आणि ११०२ मध्ये ज्यू धर्म स्वीकारून पुढे पूर्वेकडील देशांत गेलेला योहान्नेस. पानांचे वय व लेखक निश्चित झाले. संगीताचे कुळ मात्र झाले नाही. बालपणी ख्रिस्ती पठणगायनात वाढलेल्या माणसाने सिनॅगॉगमध्ये ऐकलेली चाल टिपली, की परिचित ख्रिस्ती वळणाची चाल हिब्रू काव्याला लावली, या प्रश्नावर एकमत नाही. सर्वांत जुना पुरावाच असा दोन धर्मांच्या सीमेवर उभा आहे.

आश्कनाझी म्हणजे जर्मन व पूर्व यूरोपीय ज्यू परंपरेत पंधराव्या शतकाच्या प्रारंभी माइन्ट्सचे रब्बी याकोब मोलीन (मृत्यू १४२७) यांना मोठे स्थान आहे. ‘महारील’ या नावाने ते ओळखले जातात. ते स्वतः प्रार्थना चालवीत आणि गावातील परंपरागत चाली बदलू नयेत, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या शिष्याने नोंदविलेला हा दंडक पुढे धर्मशास्त्राच्या संहितेतही आला. वर्षारंभ व योम किप्पूर या पर्वांच्या काही चालींना ‘मिसिनाय’ म्हणजे सिनाय पर्वतावरून आलेल्या असे म्हणतात. हे नाव शब्दशः घ्यावयाचे नाही. त्या चालींचे पावित्र्य व अपरिवर्तनीयता त्याने सूचित होते. त्या ऱ्हाइन खोऱ्यातील मध्ययुगीन समाजांत घडल्या असाव्यात, असे संशोधक मानतात. ‘कोल निद्रे’ या प्रसिद्ध चालीचे उदाहरण बोलके आहे. योम किप्पूरच्या संध्याकाळी म्हटला जाणारा हा नवसमुक्तीचा अरेमाइक मजकूर नवव्या शतकापासून ज्ञात आहे. चालीची पहिली लिखित नोंद अठराव्या शतकातील आहे. मधल्या सु. नऊशे वर्षांत तो कसा गायिला जात होता, हे सांगणारा कागद नाही. प्रॉटेस्टंट संगीतकार माक्स ब्रूख याने बर्लिनच्या हझ्झानाकडून ही चाल मिळवून १८८० मध्ये चेलो व वाद्यवृंदासाठी रचना केली आणि ती जगभर पोहोचली.

मुद्रित स्वरलेखनाचा आरंभ ज्यूंनी नव्हे, तर ख्रिस्ती मानवतावाद्यांनी केला. जर्मन हिब्रूपंडित योहान रॉइखलिन याने १५१८ मध्ये हिब्रू आघातचिन्हांवरील आपल्या लॅटिन ग्रंथात तोरापठणाच्या आश्कनाझी स्वरावली छापल्या. हिब्रू लिपी उजवीकडून डावीकडे जाते म्हणून त्याने स्वरही तसेच उलट छापले. शंभर वर्षांनी मँटुआच्या दरबारातील ज्यू संगीतकार सालामोने रोस्सी याने व्हेनिसमध्ये १६२२–२३ मध्ये हिब्रू स्तोत्रांच्या तेहेतीस बहुस्वरी रचना प्रसिद्ध केल्या. त्याने स्वर डावीकडूनच ठेवले आणि शब्द मात्र हिब्रू पद्धतीने स्वरांखाली मांडले. सिनॅगॉगमध्ये अनेक आवाजांचे गायन धर्मसंमत आहे काय, हा वाद तेव्हाच उपस्थित झाला होता. विद्वान रब्बी लेओन मोडेना याने ते संमत असल्याचा १६०५ चा आपला निर्णय रोस्सीच्या ग्रंथास जोडून दिला. हा प्रयोग अल्पायुषी ठरला. १६३० मध्ये मँटुआची लूट झाली, ज्यू वस्ती उद्ध्वस्त झाली आणि रोस्सीचे नाव अडीचशे वर्षे विस्मृतीत गेले. व्हेनिसचा ख्रिस्ती उमराव बेनेदेत्तो मार्चेल्लो याने १७२४–२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या स्तोत्ररचनांत तेथील सेफार्दी व आश्कनाझी सिनॅगॉगमध्ये ऐकलेल्या काही चाली घेतल्या आहेत. प्राचीन ग्रीक व हिब्रू संगीताचा शोध हे त्याचे ध्येय होते. संशोधकास मात्र त्यातून अठराव्या शतकातील व्हेनिसच लाभले.

अठराव्या शतकात मध्य यूरोपात हझ्झानाच्या दोन्ही बाजूंना एक खर्ज गायक व एक कोवळ्या आवाजाचा मुलगा साथीला उभा करण्याची चाल होती. या साथीदारांना ‘मेशोर्रीम’ म्हणत. त्यांच्या गायनावर इटालियन ऑपेरा व नृत्यसंगीत यांचा प्रभाव होता आणि रब्बींची त्यावर कडक टीका होती. बर्लिनचा हझ्झान आहरोन बेअर (मृत्यू १८२१) याने आपल्या व इतरांच्या चालींचे मोठे हस्तलिखित संग्रह केले. १७९१ च्या संग्रहात वर्षातील प्रत्येक साब्बाथसाठी वेगवेगळ्या चाली आहेत. एक चाल वर्षातून एकदाच ऐकू आली, तर उपासकांना ती पाठ होणार नाही आणि ते मध्येच हझ्झानाबरोबर गाऊ लागणार नाहीत, असे कारण त्याने दिले आहे. या तक्रारीतून त्या काळातील सिनॅगॉगचे जे चित्र दिसते, ते स्वरलिपीत कोठेही सापडत नाही.

एकोणिसाव्या शतकात नागरी हक्क मिळू लागताच पश्चिम यूरोपातील ज्यू समाजाने उपासनेला शिस्त लावली. होहेनेम्स येथे जन्मलेला सालोमोन झुल्त्सर (१८०४–९०) १८२६ मध्ये व्हिएन्नाच्या नव्या सिनॅगॉगमध्ये आला. त्याच्या बॅरिटोन आवाजाने फ्रान्ट्स लिस्टही भारावून गेला होता. शूबर्टने त्याच्यासाठी १८२८ मध्ये ब्याण्णवाव्या स्तोत्राची मूळ हिब्रू शब्दांतच रचना केली. झुल्त्सरच्या शिर झियोन या संग्रहाचा पहिला भाग १८४० च्या सुमारास व दुसरा १८६५ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. पॅरिसमध्ये सॅम्युएल नाउंबुर्ग (१८१७–८०) आणि बर्लिनमध्ये लुई लेवांडोव्हस्की (१८२१–९४) यांनी तसेच कार्य केले. लेवांडोव्हस्कीच्या रचना ऑर्गनसहित आहेत. जुन्या चालींवरील ‘अनावश्यक’ अलंकार काढून त्या मूळ शुद्ध रूपात आणल्या, असा या संगीतकारांचा दावा होता. वस्तुतः शुद्धतेची त्यांची कसोटी समकालीन यूरोपीय संगीताची होती. मुक्त लयीतील गायन त्यांनी मात्रांत बसविले आणि कोमल-तीव्र भेद स्वरसंहतीच्या सोयीने बदलले. चाली नष्ट होण्यापासून त्यांनी वाचविल्या आणि त्याच हातांनी पुसटही केल्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. नाउंबुर्गने १८७४ मध्ये आपल्या एका संग्रहास ज्यू संगीतावरील ऐतिहासिक निबंध जोडला, तसेच संगीतकार व्हँसां दँदी याच्या साहाय्याने रोस्सीच्या रचनांची नवी आवृत्ती काढली. विस्मृत रोस्सीचे पुनरुज्जीवन त्यातूनच झाले.

संगीतकाराच्या दृष्टीऐवजी संग्राहकाची दृष्टी प्रथम स्वीडनमधील गोटेबोर्गचा हझ्झान आब्राहाम बेअर (१८३४–९४) याच्या ठायी दिसते. त्याच्या बाल तेफिल्ला (१८७७) या ग्रंथात वर्षभराच्या उपासनेतील सु. १,५०० चाली असून एकाच प्रार्थनेचे जर्मन, पोलिश व पोर्तुगीज पाठभेद शेजारी शेजारी दिले आहेत. ते संगीत गायकवृंदासाठी सजविलेले नाही. म्हणूनच अभ्यासक झुल्त्सरपेक्षा बेअरकडे अधिक विश्वासाने वळतात. झुल्त्सरचाच शिष्य एदुआर्द बिर्नबाउम (१८५५–१९२०) हा क्यनिग्झबर्गचा हझ्झान होता. त्याने आयुष्यभर सिनॅगॉग संगीताची हस्तलिखिते व मुद्रिते जमविली, चालींच्या आरंभीच्या स्वरांची पत्रसूची केली आणि मँटुआच्या दरबारातील ज्यू संगीतकारांवर १८९३ मध्ये दप्तरी आधारांनिशी निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या मृत्यूनंतर हा संग्रह अमेरिकेतील सिनसिनाटीच्या हिब्रू युनियन कॉलेजने घेतला. क्यनिग्झबर्गचे सिनॅगॉग नोव्हेंबर १९३८ मध्ये नाझींनी उद्ध्वस्त केले. संग्रह तेथेच राहिला असता, तर अठराव्या शतकातील हझ्झानांविषयीचे आजचे बरेचसे ज्ञान शक्य झाले नसते.

हझ्झानाच्या गायनाचा सांगीतिक गाभा ‘नुसाह’ या कल्पनेत आहे. नुसाह म्हणजे विशिष्ट दिवस, वेळ व प्रार्थना यांसाठी ठरलेली स्वरपद्धती. तीत ठराविक स्वरसप्तक, आरंभ, ठहराव व समाप्तीच्या स्वरावली असतात आणि त्या चौकटीत गायक शब्दांनुरूप विस्तार करतो. भारतीय वाचकास रागाची आठवण होईल व ती गैर नाही. साब्बाथच्या सकाळचा नुसाह योम किप्पूरला गाणे हा जाणकारांच्या लेखी दोषच असतो. आश्कनाझी परंपरेतील मुख्य स्वरपद्धतींना यिद्दिशमध्ये ‘श्टायगर’ म्हणतात व त्यांना प्रार्थनांच्या आद्य शब्दांवरून नावे दिलेली आहेत. ‘अदोनाय मालाख’ ही खमाज थाटाच्या, तर ‘मागेन आवोत’ ही आसावरी थाटाच्या स्वरांजवळ जाते. ‘आहावा राब्बा’ हीत कोमल ऋषभापाठोपाठ शुद्ध गांधार येतो, तर धैवत व निषाद कोमल असतात. स्वर बसंतमुखारीचे, चलन मात्र सर्वस्वी वेगळे. अरबी-तुर्की संगीतातील ‘हिजाज’ मकामाशी तिचे साम्य असल्याने ती पूर्वेकडून केव्हा आली, याविषयी पुष्कळ चर्चा झाली आहे. या पद्धतींचे पहिले शास्त्रीय विवेचन व्हिएन्नाचा हझ्झान योसेफ झिंगर याने १८८६ मध्ये केले. केवळ स्वरसप्तक पाहून भागत नाही, स्वरावलींचे संच पाहावे लागतात, हे बारूख जोसेफ कोहन यांच्या १९५० मधील निबंधाने स्पष्ट झाले.

या संशोधनाचा खरा प्रवर्तक आब्राहाम झ्वी इडेलसोन (१८८२–१९३८) होय. लॅटव्हियात जन्मलेला, हझ्झान म्हणून शिकलेला आणि बर्लिन व लाइपसिक येथे पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण घेतलेला हा तरुण १९०६ च्या सुमारास जेरूसलेमला आला. त्या लहान शहरात येमेन, बगदाद, इराण, बुखारा, दागेस्तान, मोरोक्को, सिरिया अशा ठिकाणचे ज्यू आपापल्या गल्ल्यांतील सिनॅगॉगमध्ये आपापल्या परीने गात होते. शतकानुशतके विखुरलेल्या परंपरा तेथे चालत जाण्याच्या अंतरावर आल्या होत्या. व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीच्या ध्वनिसंग्रहालयाने दिलेल्या यंत्रावर त्याने १९११–१३ मध्ये त्या मुद्रित केल्या. पहिल्या महायुद्धात तुर्की सैन्यात सेवा करावी लागल्याने कामात खंड पडला. त्याच्या हिब्रू-पौर्वात्य स्वरकोशाचा येमेनी ज्यूंवरील पहिला खंड १९१४ मध्ये व अखेरचे खंड १९३२ मध्ये प्रसिद्ध झाले. एकूण दहा खंडांपैकी पहिले पाच पूर्वेकडील व उत्तर आफ्रिकेतील समाजांचे, तर उरलेले जर्मन व पूर्व यूरोपीय ज्यूंचे आहेत. सहाव्या खंडासाठी त्याला सिनसिनाटीत बिर्नबाउमचा संग्रह हाताशी मिळाला. १९२४ पासून तो तेथे अध्यापक होता. १९२९ मध्ये त्याचा ज्यू संगीताचा इंग्रजी इतिहास प्रसिद्ध झाला. पुढे पक्षाघाताने त्याचे काम थांबले व जोहॅनिसबर्ग येथे त्याचा मृत्यू झाला. ‘हावा नगीला’ हे जगप्रसिद्ध गीत त्यानेच एका हासिदी चालीवरून बांधले; पण ही त्याच्या कार्याची सर्वांत गौण बाजू होय.

इडेलसोनच्या सामग्रीबद्दल दुमत नाही. त्याच्या निष्कर्षांबद्दल आहे. दूरदूरच्या ज्यू समाजांच्या पाठगायनात त्याला समान स्वरावली आढळल्या आणि त्या सर्वांचे मूळ मंदिरकालीन असले पाहिजे, असे त्याने मानले. येमेनी ज्यूंचे पठण व रोमन चर्चमधील ग्रेगरियन पठणगीते यांतील साम्यावरून ख्रिस्ती संगीताचा उगमही तेथेच आहे, असे तो म्हणे. विखुरलेल्या राष्ट्राच्या ऐक्याचा पुरावा संगीतात शोधण्याची ऊर्मी त्या पिढीत प्रबळ होती, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. व्हिएन्नाजवळ वाढलेले व नंतर अमेरिकेत स्थायिक झालेले एरिक वेर्नर (१९०१–८८) यांनी द सेक्रेड ब्रिज (१९५९) या ग्रंथात हीच भूमिका मोठ्या पांडित्याने मांडली आणि ती बराच काळ पाठ्यपुस्तकांत सिद्ध गोष्ट म्हणून वावरली. पुढे तिचे आधार एकेक करून ढासळले. येमेनी गायनाची नोंद विसाव्या शतकातील, ग्रेगरियन स्वरलेखन नवव्या-दहाव्या शतकांतले. दोहोंवरून पहिल्या शतकाविषयी बोलणे म्हणजे दोन काठ नसताना पूल बांधणे होय. १९८४ मध्ये जे. ए. स्मिथ यांनी व १९८६ मध्ये जेम्स मॅकिनन यांनी याहून मूलभूत प्रश्न विचारला : मंदिराच्या काळात सिनॅगॉगच्या उपासनेत स्तोत्रगायन होते याला पुरावा कोणता? तो नाही, असे त्यांनी दाखविले. वेर्नर यांनी दिलेले आधार मूळ ग्रंथांशी ताडून पीटर जेफरी यांनी १९८७ मध्ये केलेली टीका तर कठोर आहे. या टीकेने ज्यू व ख्रिस्ती गायनातील साम्य खोटे ठरले नाही. ते समान वारशाचे की शेजाराचे, हा प्रश्न मात्र पुन्हा खुला झाला.

याच्या उलट, मोजक्या कालखंडातील लिखित पुराव्याची क्रमवार तुलना ही पद्धती हानोख आवेनारी (१९०८–९४) यांनी रूढ केली. १५०० ते १९०० या काळातील आश्कनाझी तोरापठणाच्या सर्व स्वरनोंदी समोर ठेवून त्यांनी १९७८ मध्ये दाखविले, की रॉइखलिनच्या काळातील सांगाडा ओळखू येतो, पण स्वरसप्तकाचे वळण व अलंकरण सतत बदलत आले आहे. बर्लिनचे रोबेर्ट लाखमान (१८९२–१९३९) यांनी ट्युनिशियाच्या जेर्बा बेटावरील एकाच समाजाचे गायन बारकाईने अभ्यासले आणि नाझी राजवटीत पद गेल्यावर १९३५ पासून जेरूसलेममध्ये ध्वनिमुद्रणाचे काम केले. उगमाचा शोध बाजूस ठेवून प्रत्यक्ष गायनाचे कार्य पाहण्याची त्यांची दृष्टी त्यांच्या सहकारी एडिथ गेरझोन-किवी यांनी पुढे चालविली.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ध्वनिमुद्रिकेने हझ्झानाला सिनॅगॉगबाहेर आणले. वॉर्साचा गेर्शोन सिरोता (१८७४–१९४३), झावेल क्वार्टिन, १९१२ मध्ये न्यूयॉर्कला आलेला योसेफ (योसेले) रोझेनब्लाट (१८८२–१९३३) यांच्या तबकड्या घरोघर गेल्या. रोझेनब्लाटने १९१८ मध्ये शिकागो ऑपेराचे निमंत्रण धार्मिक कारणावरून नाकारले. द जॅझ सिंगर (१९२७) या चित्रपटात मात्र तो गाताना दिसतो. या काळास हझ्झानूतचे सुवर्णयुग म्हणतात. संशोधकाने या तबकड्या वापरताना सावध राहिले पाहिजे. एका बाजूला तीनचार मिनिटेच मावत असल्याने दीर्घ विस्तार कापला जाई, शास्त्रानुसार वर्ज्य असलेली वाद्यांची साथ घेतली जाई आणि उत्कट करुण भाग तेवढे निवडले जात. रोजची साधी प्रार्थना चालविणारा गावोगावचा सामान्य हझ्झान यांत ऐकूच येत नाही. सिनॅगॉगमध्ये उभे राहण्यास मनाई असलेल्या काही स्त्रियांनी रंगमंचावर व तबकड्यांवर हे गायन केले, ही गोष्टही अलीकडे अभ्यासली जात आहे.

त्या सामान्य हझ्झानांचे जग १९३९ ते १९४५ या काळात नष्ट झाले. सिरोता वॉर्साच्या बंदिस्त वस्तीत मारला गेला. गायक, श्रोते, शिष्य व हस्तलिखिते एकाच वेळी गेल्याने तोंडी परंपरेचे अनेक धागे कायमचे तुटले. सोव्हिएट संघात मोइसेई बेरेगोव्हस्की (१८९२–१९६१) यांनी जमविलेल्या मेणाच्या नळकांड्या, तसेच १९१२–१४ मधील आन-स्की यांच्या मोहिमेतील मुद्रणे कीव्हमध्ये सुरक्षित असल्याचे बाहेरच्या जगाला १९९० नंतरच कळले. २००५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत त्यांचा समावेश झाला. यूरोपातील गुरुकुले संपल्यामुळे अमेरिकेत शाळा काढाव्या लागल्या. हिब्रू युनियन कॉलेजचे धर्मसंगीत विद्यालय १९४८ मध्ये न्यूयॉर्कला स्थापन झाले आणि १९५० नंतरच्या दशकात जुन्या दुर्मिळ संग्रहांचे पंचवीस खंड पुनर्मुद्रित झाले. जे कानाने शिकले जाई, ते आता छापील पानावरून शिकले जाऊ लागले. १९७५ मध्ये याच विद्यालयातून बार्बरा ऑस्टफेल्ड या पहिल्या स्त्री हझ्झान झाल्या. स्त्रीच्या आवाजासाठी नुसाहाच्या पट्ट्या व वृंदरचना नव्याने बसवाव्या लागल्या.

जेरूसलेमच्या हिब्रू विद्यापीठात इझ्राएल आडलर (१९२५–२००९) यांनी १९६४ मध्ये ज्यू संगीत संशोधन केंद्र स्थापन केले. १८४० च्या सुमारापर्यंतच्या हिब्रू स्वरलिखित हस्तलिखितांची त्यांची वर्णनात्मक सूची १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय संगीतसाधन-सूचीच्या मालेत निघाली. ॲम्स्टरडॅमच्या पोर्तुगीज सिनॅगॉगमधील अठराव्या शतकातील बरोक धर्तीच्या हिब्रू रचनाही त्यांनीच उजेडात आणल्या. राष्ट्रीय ग्रंथालयातील ध्वनिसंग्रहात इझ्राएलमध्ये आलेल्या बहुतेक सर्व समाजांची मुद्रणे आहेत. इटलीतील लहानलहान ज्यू समाजांचे गायन लेओ लेव्ही यांनी १९५४ पासून वेळीच टिपले. त्यांतील काही समाजांत आज ते गाणारे कोणी नाही. मार्क स्लोबिन यांच्या चोझन व्हॉइसेस (१९८९) या ग्रंथाने आणखी एक दिशा दाखविली : चालींऐवजी हझ्झानाचा व्यवसाय, वेतन, नेमणूक व समाजाशी असलेला संबंध यांचा इतिहास.

भारतातील ज्यू समाजांचे गायन या संशोधनात दीर्घकाळ परिघावरच राहिले. बेने इझ्राएल समाजाची मुंबईतील पहिली मशीद सॅम्युएल एझेकिएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये बांधली. ती ‘जुनी मशीद’ म्हणून ओळखली जाते. या समाजाने शेमा हे श्रद्धावचन जपले होते, पण हिब्रू प्रार्थनाक्रम त्याने मुख्यतः कोचीनच्या ज्यू शिक्षकांकडून व नंतर बगदादी ज्यूंच्या सहवासातून आत्मसात केला. त्यामुळे त्याच्या गायनात कोचीनचा, बगदादचा व स्थानिक असे थर एकत्र आढळतात. १८४६ मध्ये मुंबईत हग्गादा हा वल्हांडणाचा विधिग्रंथ मराठी भाषांतरासह शिळाछापावर निघाला. १८८० च्या सुमारास समाजातील मंडळींनी बायबलमधील आख्यानांवर मराठी कीर्तने सुरू केली. त्यांत साकी, दिंडी यांसारख्या परिचित चाली योजल्या. कीर्तन हा उपासनेचा भाग नसल्याने त्याला हझ्झानूत म्हणता येणार नाही, परंतु मशिदीत हिब्रू व सभागृहात मराठी गाणारा गळा पुष्कळदा एकच असे. १९४८ नंतर समाजाचा मोठा भाग इझ्राएलमध्ये स्थलांतरित झाला. योहाना स्पेक्टर (१९१५–२००८) या अमेरिकन संशोधिकेने १९७० नंतरच्या दशकात कोचीनच्या ज्यूंवर व बेने इझ्राएलांवर माहितीपट तयार केले. बगदादी ज्यूंची मुंबईतील मागेन डेव्हिड व पुण्यातील ‘लाल देऊळ’ म्हणून प्रसिद्ध असलेले ओहेल डेव्हिड ही सिनॅगॉग एकोणिसाव्या शतकातील आहेत. या समाजाबरोबर बगदादहून मुंबईला व तेथून लंडनला गेलेल्या हिब्रू स्तुतिगीतांचा अभ्यास सारा मनासेह यांनी २०१२ मध्ये स्वरलेखनासह प्रसिद्ध केला आहे.